रिकाम्या टाकीचं भय

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'दुरुस्ती' हे सूत्र कळवलं, तोवर घड्याळजी, रफूवाले, पेटी-तबल्याचे कारागीर हे विषय इतरांनी उचललेले होते. मला हवा होता तो कुणी मागितलाच नव्हता : जुन्या मोटारीची गळकी पेट्रोल टाकी. गॅरेजमधलं बहुतेक काम चुकलं तर गाडी पुन्हा बिघडते. टाकीचं काम चुकलं तर करणारा तिथल्या तिथे भाजतो. तरीही कितीतरी पत्र्याच्या शेडमध्ये हे काम होत असतं, आणि जिथे ते नीट होतं तिथे विलक्षण जबाबदारीने होतं. ते कसं करायचं हे छापलेलं क्वचितच सापडतं. उस्तादाकडून पोराकडे, हातातून हातात जातं. म्हणून ते बघायला कोल्हापूरला गेलो.

शिवाजी उद्यमनगरात ओतकामाच्या भट्ट्या, लेथ, गिअर कापणारी यंत्रं यांच्या गर्दीत रेडिएटर दुरुस्तीची दुकानं आहेत. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'रेडिएटर' आणि खाली बारीक अक्षरांत 'पेट्रोल-डिझेल टाकी'. दोन्ही कामं एकाच हातात असतात, कारण दोन्हीकडे पातळ पत्रा, दोन्हीकडे गळती आणि दोन्हीकडे कथील-शिशाचा डाग. ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांची मारुती ८०० अशाच एका दुकानात न्यायची होती. गाडी १९९७ची, कार्बोरेटरची. दुकानासमोर पोचल्यावर गुरुजींनी ती सावलीला शेडखाली घ्यायला लागताच मिस्त्री धावत बाहेर आले. "काका, आत नको. हितंच उन्हात राहू दे. आत भट्टी पेटलीया."

त्यांनी गाडी बघितलीही नव्हती. नुसता वास आला होता.

वास आधी, थेंब मागून

पेट्रोल इतकं लवकर उडून जातं, की बारीक गळती असेल तर थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही. टाकीच्या बुडाशी नुसता ओलसर डाग दिसतो, त्यावर धूळ चिकटते आणि तो डाग काळपट होत जातो. त्यामुळे मालकाला पहिल्यांदा कळतं ते नाकाने. गुरुजींच्या इमारतीत गाड्या खालच्या मजल्यावर लागतात. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा ते रोज गाडीखाली वाकून बघत, जमीन कोरडी दिसली की निश्चिंत होत. असं बहुतेकांचं होतं.

मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी नुसते प्रश्न विचारले. टाकी फुल केल्यावर वास येतो की कमी असतानाही येतो? चालवताना, की उभी केल्यावर? घाटात वळणावर, चढावर? या प्रश्नांमागे साधा हिशेब आहे. फक्त फुल टाकीवर वास येत असेल तर दोष वरच्या भागात : पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत येणारी रबरी नळी, तिचे क्लिप, किंवा काट्याच्या फ्लोटखालचं गॅस्केट. टाकी अर्ध्यावर आल्यावरही येत असेल तर मधली शिवण. अगदी तळाला आल्यावरही थांबत नसेल तर बूड. आणि इंजिन चालू असतानाच येत असेल तर टाकीकडे बघायच्या आधी पुढं बॉनेट उघडायचं, कारण जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप असतो; त्याचा पडदा फाटला की पेट्रोल तिथूनच पाझरतं. गाडी न उचलता निम्मं निदान असं बोलण्यातच होतं. गुरुजींनी प्रामाणिकपणे सांगितलं, की फुलला जास्त येतो, पण कमी असतानाही येतोच. मिस्त्री म्हणाले, "मग दोन ठिकाणी हाय."

नंतर ते पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली गेले. हातात सेलची बॅटरी. गॅरेजमध्ये सर्रास वापरतात तो वायरचा हँडलॅम्प त्यांनी पोराला हात लावू दिला नाही. तो बल्ब गाडीखाली पडून फुटला, की तापलेली तार उघडी पडते आणि तेवढी ठिणगी पुरते. त्यांनी टाकीचं बूड कोरड्या फडक्याने पुसलं, खडूची पूड बोटाने शिवणीवर चोळली आणि वाट बघत राहिले. काही वेळाने मागच्या कोपऱ्याशी पांढऱ्या पुडीवर बोटभर लांबीची गडद ओल उमटली. वरची रबरी नळी वाकवून बघितली तर तिच्यावर भेगांचं जाळं होतं. म्हणजे दोन दोष. यातला एकच शोधून गाडी परत दिली जाते, वास तसाच राहतो आणि मालक म्हणतो, गॅरेजवाल्याने फसवलं. या क्षेत्रातली निम्मी भांडणं इथेच उगवत असावीत.

पाणी बसतं तिथं

टाकी गंजते ती पेट्रोलमुळे, असा समज आहे. ती गंजते पाण्यामुळे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून टाकीत शिरलेला प्रत्येक थेंब तळाशी जाऊन बसतो, आणि टाकीच्या सर्वांत खोलगट कोपऱ्यात वर्षानुवर्षं तिथेच राहतो. टाकीला श्वास असतो : दुपारी तापली की आतली हवा बाहेर जाते, रात्री थंड झाली की दमट हवा आत येते आणि पत्र्याच्या आतल्या बाजूवर दव धरतं. टाकी भरलेली असेल तर हवेला जागाच थोडी, दवही थोडं. रिकामी असेल तर सगळा पत्रा उघडा. म्हणून जुनी गाडी चालून जेवढी गंजते त्याहून अधिक उभी राहून गंजते. २०२०च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने तळाशी लिटर-दोन लिटर पेट्रोल ठेवून उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या टाक्या त्यानंतरच्या काळात खूप आल्या, असं मिस्त्री सांगतात, आणि त्यात आश्चर्य नाही.

सीएनजी बसवलेल्या जुन्या गाड्यांचं दुखणं हेच. मालक पेट्रोल फक्त सुरू करण्यापुरतं ठेवतो. गाडी धावते गॅसवर, आणि पेट्रोलची टाकी कोरड्या घशाने गंजत बसते.

बाहेरून गंज येतो तो चिखलाने. टाकी आणि गाडीचा तळ यांच्यामध्ये, पट्ट्यांखालच्या फेल्टमध्ये, बोल्टच्या कडेला चिखल अडकतो आणि पावसाळा संपला तरी आतून ओला राहतो. कोकणातल्या, मुंबईतल्या गाड्यांना वर खारी हवा. जुन्या टाक्यांचा पोलादी पत्रा मिलिमीटरभराहूनही पातळ असतो. त्यावर शिसे-कथलाचा मुलामा दिलेला असे, आणि दाबून काढलेले दोन भाग कडेने शिवण घालून जोडलेले असत. मुलामा शाबूत आहे तोवर टाकी कित्येक वर्षं टिकते. तो एकदा उडाला की पत्र्याला स्वतःचं संरक्षण काही नाही.

आता यात इथेनॉल आलं आहे, आणि कोल्हापुरात बसून त्यावर बोलणं अवघड आहे, कारण यातलं बरंच इथेनॉल आपल्याच उसाचं. साखर कारखान्यांना त्यातून पैसा मिळतो, तो पुढं उसाच्या बिलात येतो, हे मी या भागात राहून नाकारणार नाही. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने जून २०२२मध्ये गाठलं. फेब्रुवारी २०२३मध्ये २० टक्क्यांचं पेट्रोल निवडक पंपांवर आलं आणि २०२५मध्ये तेच सर्वसाधारण झालं. त्या मिश्रणाला टिकणारं साहित्य नव्या गाड्यांत एप्रिल २०२३पासून आहे. १९९७च्या गाडीत ते असण्याचा प्रश्नच नाही.

इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोड्या पाण्याच्या बाबतीत हे एका अर्थी चांगलंच, कारण ते पेट्रोलबरोबर जळून जातं. पण पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी थर करतात. नुसत्या पाण्यापेक्षा हा थर पत्र्याला अधिक वाईट. शिवाय इथेनॉल टाकीच्या भिंतीवर जमलेला जुना चिकट थर आणि गंज सोडवतं. तो फिल्टरात आणि कार्बोरेटरच्या जेटात येऊन बसतो. जुन्या जातीची रबरं आणि बुचाची गॅस्केटं त्याने फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. काही जुन्या गाड्यांत दीर्घ वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५मध्ये म्हटलं आहे. तेव्हा गुरुजींची नळी फाटली यात इथेनॉलचा वाटा किती आणि अठ्ठावीस वर्षांच्या वयाचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. माझं मत विचाराल तर ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्याने इथेनॉलला दोष देत बसण्यापेक्षा सगळ्या रबरी नळ्या एकदम बदलून घ्याव्यात. ते फार मोठं काम नाही.

टाकी उतरवताना

ही टाकी गाडीच्या मागच्या भागात, तळाला बसवलेली असते. उतरवण्याआधी मिस्त्रींनी पहिलं काम केलं ते पुढे जाऊन बॅटरीची अर्थिंगची केबल सोडण्याचं. टाकीत काट्याचा फ्लोट असतो, त्याला विजेची वायर जाते. ती सोडताना ठिणगी पडू नये. गाडी सपाट, मोकळ्या जागेत होती. शेजारच्या सर्व्हिस सेंटरला खड्डा आहे, त्यावर गाडी घेतली असती तर खाली उभं राहून काम आरामात झालं असतं. मी तसं विचारलंही. मिस्त्री एकदम गंभीर झाले.

"खड्ड्यात कधीच न्हाई, साहेब."

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरकत जाते आणि पहिला खोलगा दिसेल तिथे भरून राहते. सर्व्हिसचा खड्डा, गटार, तळघर. वारा लागल्याशिवाय ती तिथून हलत नाही. खड्ड्यात उभ्या माणसाच्या पायाशी ती साचते, वर कुणी काडी ओढली की आग खालून येते आणि बाहेर पडायची शिडी एकच असते. तळमजल्यावर आणि तळघरात गाड्या लावणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

टाकीत सात-आठ लिटर पेट्रोल होतं. ते हातपंपाने झाकणाच्या पत्र्याच्या कॅनमध्ये काढलं. नळी तोंडात धरून ओढायची जुनी सवय इथल्या पोरांना मुद्दाम मोडायला लावलेली आहे. पेट्रोल पोटात गेल्यापेक्षा श्वासनळीत गेलं तर जास्त घातक. चूळभर पेट्रोल ठसक्याबरोबर फुप्फुसात उतरलं की तिथे सूज धरते आणि माणूस दवाखान्यात जातो. मग नळ्या सुटल्या : पंपाकडे जाणारी, परतीची, वाफेची आणि भरायच्या तोंडाची. प्रत्येक नळीला पोराने वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. बोल्टांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारायला सांगितलं होतं, गुरुजींनी ते विसरून दुपारी मारलं होतं, त्यामुळे दोन बोल्ट हटून बसले. इथे बाहेरचा माणूस पटकन ग्राइंडर किंवा गॅसची ज्योत मागवतो. मिस्त्रींनी चहा मागवला. तेल मुरायला वेळ दिला, मग पाना लावून अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे असं करत दोन्ही बोल्ट हाताने सोडवले. टाकी खाली आली तेव्हा तिच्या वरच्या बाजूला वाळलेल्या चिखलाचा जाड थर होता, आणि त्या थराखाली पत्रा तपकिरी पडला होता.

अर्धा चमचा

सगळ्यात महत्त्वाचा भाग इथे सुरू होतो, आणि तो बघताना कंटाळा येण्यासारखा असतो. बराच वेळ काही घडतच नाही.

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, हे ऐकायला उलटं वाटतं. पेट्रोलच्या वाफेचं हवेतलं प्रमाण साधारण दीड टक्का ते साडेसात टक्के या पट्ट्यात असेल तरच ती पेट घेते. भरलेल्या टाकीत द्रवाच्या वर वाफ इतकी दाट असते की जळायला हवाच पुरत नाही. टाकी ओतून रिकामी केली की हवा आत येते आणि मिश्रण नेमकं त्या पट्ट्यात उतरतं. किती पेट्रोल लागतं यासाठी? तीस लिटरच्या टाकीचा हिशेब केला तर अर्ध्या चमच्यापासून दोनेक चमच्यांपर्यंत, बस्स. एवढं पेट्रोल तर शिवणीच्या खाचेत, गंजाच्या पापुद्र्याखाली, फ्लोटच्या कोपऱ्यात कितीही पालथी घातली तरी उरतंच. आणि पेट्रोलला थंडीचंही वावडं नाही. शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपाससुद्धा त्याची पेट घेण्याजोगी वाफ होते. कोल्हापूरच्या उन्हात तर विचारायलाच नको.

याहून फसवी गोष्ट म्हणजे वासावरचा भरवसा. धुतलेल्या टाकीला वास येत नाही म्हणून कुणी ज्योत लावतो. पत्रा तापतो, भिंतीवरचा जुना चिकट थर त्या उष्णतेने पुन्हा वाफ सोडू लागतो, आणि टाकी हातात फुटते. टाकीला किंवा टँकरला वेल्डिंग करताना स्फोट, ही बातमी अधूनमधून आपल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर येते. त्यात मेलेल्याचं वय बहुतेकदा विशीतलं असतं. ती बातमी वाचताना मला दर वेळी वाटतं, की त्या पोराला कुणीतरी हे एवढंच सांगायला हवं होतं.

या दुकानात टाकी आधी भरपूर पाण्याने खंगाळली जाते, मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून, सगळी तोंडं उघडी ठेवून, बराच वेळ भिजत ठेवतात. ते पाणी ओतून देतात, पुन्हा भरतात. मग आतला गंज काढायला टाकीत बारीक साखळी आणि मूठभर नट टाकून, बुचं लावून दोघं जण दोन बाजूंनी धरून हलवतात. आतमध्ये पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडव्या पट्ट्या असतात, साखळी त्यांच्यात अडकते, म्हणून तिची दोन्ही टोकं तारेने बाहेर ठेवलेली. हे काम धुण्याच्या आधी कधीच नाही, कारण लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी आलीच. बाहेर पडलेलं पाणी पहिल्यांदा विटकरी होतं, मग चहाच्या रंगाचं, मग गढूळ. अखेर दुकानाच्या मागच्या बाजूला उकळत्या पाण्याच्या डब्यातून नळीने वाफ सोडली. टाकी बाहेरून हाताला सोसवणार नाही इतकी तापेपर्यंत वाफ चालू होती. पत्रा तापला की लपलेलं पेट्रोल बाहेर पडतं आणि वाफेबरोबर निघून जातं. जे काम ज्योतीने घातक होतं तेच वाफेने निर्धोक होतं. काही ठिकाणी यापुढे जाऊन टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडतात.

एवढं करून दिवस मावळला. डाग दुसऱ्या दिवशी. रात्रभर टाकी पाण्याने काठोकाठ भरून ठेवली.

डाग

सकाळी पाणी ओतून टाकून मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बुडावर ठोकत आवाज ऐकायला सुरुवात केली. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. बद्द आवाजाच्या जागी त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर लावून दाबलं. कोपऱ्याजवळ टोक सरळ आत गेलं आणि शिळ्या भाकरीचा निघावा तसा पापुद्रा निघाला. छिद्र टाचणीएवढं दिसत होतं, खराब जागा तळहाताएवढी निघाली. टाकीला एक बारीक छिद्र पडलं म्हणजे शेजारचा पत्राही त्याच वयाचा असतो. नुसत्या छिद्रावर डाग टाकला तर महिन्याभरात बाजूला दुसरं पडतं.

तेवढा भाग वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने चकचकीत होईस्तोवर घासला. रंग, डांबराचा थर, गंजाची ठिपकी काही राहता कामा नये. मग त्यावर ॲसिड लावलं : मिठाचं आम्ल, ज्यात जस्ताचे तुकडे टाकून फसफसणं थांबेपर्यंत त्याला 'मारलेलं' असतं. हे पत्र्यावरचा उरलेला गंज खातं आणि कथील पसरायला मदत करतं. कल्हईवाला नवसागर मारतो तो याच कामासाठी. पत्र्याचं ठिगळ चांगल्या पत्र्यावर सगळीकडून बोटभर चढेल एवढं कापलं, त्याचे कोपरे गोल केले. ठिगळाच्या खालच्या बाजूला आणि टाकीच्या घासलेल्या भागावर आधी वेगवेगळा कथील-शिशाचा हात फिरवला. दोन्ही रुपेरी झाल्यावरच ठिगळ बसवलं.

टाकी आता तिरकी उभी केली होती, छिद्र वरच्या बाजूला, आणि तिच्यात छिद्राच्या किंचित खालपर्यंत पाणी. हवेला जागा जेमतेम ओंजळभर. अगदी काठोकाठ पाणी चालत नाही, कारण ते पत्र्याची सगळी उष्णता ओढून घेतं आणि डाग वितळून पसरत नाही, गोळा होऊन बसतो. तांब्याचं जड टोक असलेलं हत्यार लांब, शेडच्या दुसऱ्या टोकाला भट्टीत तापत होतं. ते तापलं की पोरगा घेऊन यायचा आणि गार झालेलं परत न्यायचा. ज्योत टाकीकडे येत नाही, टाकी ज्योतीकडे जात नाही. मधे फक्त तापलेलं तांबं ये-जा करतं. कथील-शिशाचा डाग १८३ अंशांना वितळायला लागतो. गॅस वेल्डिंगची ज्योत तीन हजार अंशांच्या वर असते. टाकीला डाग देणं वेल्डिंगपेक्षा शहाणपणाचं का, हे या दोन आकड्यांत आलं.

तांब्याचं टोक ठिगळाच्या मध्यावर टेकलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग ठिगळाच्या कडेने चकाकणारी बारीक रेघ उमटली आणि ती चारी बाजूंनी फिरून एक झाली. मिस्त्रींनी काठीच्या टोकाने ठिगळ दाबून धरलं, चकाकी मंद पडेपर्यंत हलवलं नाही. पोराला ते एवढंच म्हणाले, "कड बघ. कड उजळली म्हंजी आत गेला."

डाग गार झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ॲसिड धुतलं. हे विसरलं तर ठिगळाच्या कडेनेच नवा गंज सुरू होतो. मग सगळी तोंडं बंद करून टाकी हौदात बुडवली आणि एका नळीतून सायकलच्या पंपाने दोन-तीन हलके झटके दिले. जोरात हवा भरायची नाही. टाकी दाबासाठी बनवलेली नसते, तिचे बगलेचे पत्रे फुगतात आणि चांगली शिवण उसवते. हौदात बुडबुडा आला नाही. शिवणीच्या दुसऱ्या टोकाला एकच बारीक माळ उठली, तिथे पुन्हा डाग. परत हौद. मग टाकी दिवसभर उन्हात, तोंड खाली करून. पाण्याचा थेंब आत ठेवून बसवली तर केलेलं सगळं वाया. बसवताना नव्या इंधनाच्या नळ्या, नवे क्लिप, फ्लोटचं नवं गॅस्केट, नवा फिल्टर. पाण्याची नळी पेट्रोलला लावायची नाही. ती सारखीच दिसते आणि काही आठवड्यांत मऊ पडते.

साबणाची वडी

रस्त्यात टाकीला दगड लागला तर काय? एसटीच्या आणि ट्रकच्या ड्रायव्हरांचा जुना उपाय आजही खरा आहे : धुण्याच्या साबणाची वडी ओली न करता छिद्रावर जोराने घासायची, साबण आत बसवायचा. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये नाही, म्हणून तो काही तास धरतो. पाऊस लागला की सुटतो. त्यावर जवळच्या गॅरेजपर्यंत जायचं, गावी नाही.

एम-सीलसारखं दोन भागांचं लुकण हा पुढचा उपाय. त्याची अट एकच, पत्रा कोरडा आणि घासलेला पाहिजे. पेट्रोल झिरपत असताना लावलेलं लुकण वरून टणक होतं आणि खाली पत्र्याला धरतच नाही. पेट्रोलची पातळी छिद्राखाली आणून, जागा पुसून, घासून लावलं तर चांगलं चालतं. पण ते लावून वर्षभर विसरून जाणं बरोबर नाही. लुकणाखाली गंज चालूच असतो, आणि डाग द्यायची वेळ आली की ते सगळं खरवडून काढण्यातच रेडिएटरवाल्याचा अर्धा दिवस जातो.

पत्रा संपतो तेव्हा

प्रत्येक टाकी वाचवावी असं माझं म्हणणं नाही. ठोकून बघताना बुडाचा बहुतेक भाग बद्द वाजला, तर ठिगळावर ठिगळ लावण्यात अर्थ नसतो. मारुती ८००च्या बाबतीत मालक नशीबवान. डिसेंबर १९८३मध्ये पहिली गाडी दिली गेली, जानेवारी २०१४मध्ये उत्पादन थांबलं, आणि मधल्या काळात देशात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. एवढ्या गाड्या म्हणजे सुट्या भागांचा बाजार जिवंत. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी केली तर टाकी मिळते.

पद्मिनीवाल्यांचं तसं नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, तिचा कुर्ल्याचा कारखाना आणि तिथून निघालेली ही गाडी. तिचं उत्पादन थांबूनच आता दोन तपं उलटली. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस वयाच्या नियमाने गेली. आता ज्यांच्याकडे घरची पद्मिनी आहे त्यांना टाकी भंगारातून मिळवावी लागते किंवा जुनीच्या मापाने पत्र्याची नवी घडवून घ्यावी लागते. घडवणारा कारागीर आणि डाग देणारा कारागीर एकच.

नव्या गाड्यांच्या टाक्या बहुतेक प्लास्टिकच्या आहेत. त्या गंजत नाहीत, अपघातात पत्र्यासारख्या फाटत नाहीत, आणि फुटल्या तर कुणी दुरुस्त करत नाही, बदलतात. सुरक्षिततेच्या बाजूने हे चांगलंच झालं. रेडिएटरही आता ॲल्युमिनियमचे आणि प्लास्टिकच्या टोप्यांचे आले आहेत, त्यांना डाग बसत नाही. त्यामुळे मिस्त्रींच्या दुकानातलं काम दोन्ही बाजूंनी आटत चाललंय. त्यांच्या मुलाने एसी दुरुस्तीचा कोर्स केला आणि तो त्यातच आहे. हाताखालचा पोरगा आहे, शिकतोय. आयटीआयमधल्या मोटर मेकॅनिकच्या पोरांना वर्षातून एक दिवस अशा दुकानात आणून रिकामी टाकी कशी हाताळायची हे दाखवलं, तर टाक्यांपेक्षा जास्त ती पोरं वाचतील. गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी हे मनावर घ्यावं. त्याला सरकारी योजना लागत नाही, मिस्त्रींनी हो म्हटलं की झालं, आणि मी विचारलं तेव्हा ते हो म्हणाले.

गुरुजींच्या गाडीचा वास गेला. मिस्त्रींनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या : टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, आणि दर पावसाळ्यानंतर खालचा चिखल धुऊन टाकायचा.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना माझी विनंती एवढीच. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करू नका, जवळपास विजेचं बटण दाबू नका. तळघरात किंवा बंद जागेत असेल तर इतरांना लांब करून ती ढकलत मोकळ्यावर आणा. आणि टाकी उतरवलीत तर ती रिकामी आहे म्हणून थेट वेल्डिंगच्या दुकानात नेऊ नका. आपल्या गावातला रेडिएटरवाला शोधा, त्याला धुण्यासाठी लागेल तेवढा वेळ द्या, आणि एका दिवसात करून द्या म्हणून त्याच्या मागे लागू नका.